चिठ्ठीआधी लेकरू : मराठवाड्यातील रुग्णालय प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक, मराठवाड्यातील आठही जिल्हे
वैद्यकीय अधीक्षक, सर्व ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये

विषय : अपघात विभागात आलेल्या लहान मुलांना पुढे पाठवण्याआधी करायचे उपचार

महोदय / महोदया,

किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरच्या वर आहे. आकडी चालू असलेलं, धाप लागलेलं किंवा विंचू चावून घामाघूम झालेलं लेकरू त्या रस्त्याला लागतं, तेव्हा सोबत बऱ्याचदा फक्त आई आणि एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर तीन शब्द : ‘पुढील उपचारासाठी रेफर’. वजन लिहिलेलं नसतं, साखर पाहिलेली नसते. काय दिलं याची नोंद नसते, कारण काही दिलेलंच नसतं. लेकरू गाडीत चढण्याआधी पहिल्या अर्ध्या तासाचं काम तुमच्याच अपघात विभागात व्हावं, एवढंच आमचं मागणं आहे. त्याला बालरोगतज्ज्ञ लागत नाही, आयसीयूही लागत नाही. काय लागतं ते पुढे डोसासकट लिहिलं आहे.

सुरुवात दारातून. ‘आधी केसपेपर काढून आणा’ असं म्हटलं की बाप खिडकीपुढच्या रांगेत उभा राहतो आणि लेकरू बाकड्यावर आईच्या मांडीवर पडून राहतं. दारात जी सिस्टर किंवा ब्रदर असेल, त्यांनी आईच्या हातातलं लेकरू तिथेच पाहावं. श्वास कसा आहे, हातपाय गार आहेत का, हाक मारली की डोळे उघडतं का? अंगठ्याचं नख किंवा छातीची कातडी दाबून सोडल्यावर लाली परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला आणि हातपायही गार असले, तर रक्ताभिसरण ढासळलं आहे. यातली एकही गोष्ट बिघडलेली दिसली तर लेकरू थेट टेबलावर घ्यावं, केसपेपर मागून येईल. हा नियम तोंडी ठेवू नका, खिडकीच्या काचेवर लिहून लावा. म्हणजे रात्रपाळीच्या नव्या माणसालाही तो पाळावा लागेल.

मग वजन. मुलांचं प्रत्येक औषध किलोवर ठरतं, तरी अपघात विभागात वजनकाटा असतोच असं नाही. तो लसीकरणाच्या खोलीत असतो आणि त्या खोलीला दुपारी कुलूप लागतं. मोठ्यांचा काटा असला तरी भागतं. आईला लेकरासह उभं करा, मग एकटीला, आणि फरक लिहा. वयावरून वजन काढायची सूत्रं आहेत (एक ते पाच वर्षांसाठी वयाची दुप्पट अधिक आठ), पण आपल्याकडच्या रोडावलेल्या मुलांत ती वजन जास्त दाखवतात. अंगणवाडीच्या तक्त्यात तीन वर्षांचं दहा किलोचं मूल रोज भेटतं, सूत्राने ते चौदा किलोचं होतं. म्हणजे प्रत्येक डोस चाळीस टक्के जास्त. काढलेलं वजन केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून त्याला गोल करा.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, मूल शांत असताना, सदरा वर करून. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की लहान बाळात हमखास चूक होते, कारण त्याचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. खालच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा बाळ कण्हत असेल तर ऑक्सिजन लगेच सुरू करा. नेझल प्राँगने (नाकपुड्यांत बसणाऱ्या बारीक नळीने) तान्ह्याला मिनिटाला अर्धा ते एक लिटर, वर्षाच्या आसपासच्याला एक ते दोन लिटर. इथे एक चूक सतत घडते. मोठ्यांचा पल्स ऑक्सिमीटर बाळाच्या बोटाला लावतात, तो सैल बसतो, आकडा ७० दाखवतो किंवा ९८, आणि दोन्ही खोटे असतात. बाळाला गुंडाळायचा प्रोब तळपायाला किंवा पायाच्या अंगठ्याला लावायचा, आणि पडद्यावरची नाडी कानाने मोजलेल्या ठोक्यांशी जुळली तरच आकडा खरा मानायचा.

साखर प्रत्येक सुस्त, आकडी आलेल्या किंवा कुपोषित मुलाची पाहायची. ५४ मिलिग्रॅमच्या (१०० मिली रक्तात) खाली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोला ५ मिली शिरेतून. आपल्या कपाटात बहुधा २५ टक्क्यांचं असतं, ते लहान मुलाच्या बारीक शिरेत तसंच ढकललं तर शीर जळते. एक भाग डेक्स्ट्रोजला दीड भाग डिस्टिल्ड वॉटर घाला, १० टक्के तयार होतं. दहा किलोच्या मुलाला २० मिली डेक्स्ट्रोज आणि ३० मिली पाणी. हे गणित ट्रेच्या झाकणावर चिकटवून ठेवा, आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत दर महिन्याला बघा.

आकडी पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा दारात येतानाच चालू असली, तर थांबून बघत बसू नका. शीर शोधण्यात दहा मिनिटं घालवण्यापेक्षा मिडाझोलम नाकातून द्या, किलोला ०.२ मिलिग्रॅम. इथे बाटलीवरचा आकडा वाचणं सगळ्यात महत्त्वाचं. एका फवाऱ्याला अर्धा मिलिग्रॅम असेल तर दहा किलोच्या मुलाला चार फवारे लागतात, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन. एकच फवारा मारून ‘औषध लागू पडत नाही’ असं लिहिलेल्या चिठ्ठ्या येतात. स्प्रे नसेल तर मिडाझोलमचं इंजेक्शन त्याच हिशोबाने मांडीत द्या. डायझेपाम स्नायूत देऊ नका, ते नीट शोषलं जात नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर एकदाच पुन्हा द्या, मग फेनिटॉइन किलोला २० मिलिग्रॅम, वीस मिनिटांत, फक्त सलाइनमध्ये. ग्लुकोजच्या बाटलीत घातलं की त्याचे खडे होतात. नातेवाईक कांदा हुंगवत असतील, दातांत चमचा घालत असतील, तर रागावू नका. लेकरू कुशीवर वळवायला सांगा, त्यांच्या हातांनाही काम मिळतं.

विंचवाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा आपल्या मातीतला आजार आहे आणि त्याचा इलाजही आपल्याच माणसाने शोधला. दगडमातीच्या भिंती, सरपणाचा ढीग, कोपीतलं अंथरूण, यांत राहणारा तांबडा विंचू चावला की काही मुलांत नुसती आग न होता सगळं शरीर घामाने भिजतं, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, नाडी धावते, मुलग्यांत लिंग ताठ होतं. ही लक्षणं दिसली म्हणजे विष हृदयापर्यंत गेलं आहे, आणि पुढच्या काही तासांत फुप्फुसात पाणी भरू शकतं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना १९८०च्या दशकात यावर प्राझोसिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची गोळी वापरली. त्याआधी गंभीर दंशातले मृत्यू तीस टक्क्यांच्या घरात होते, ते मोजक्या टक्क्यांवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आजही तालुक्याच्या रुग्णालयात ती गोळी सापडत नाही आणि लेकरू हायड्रोकॉर्टिझोन (स्टिरॉइड) व अॅव्हिलचं (अॅलर्जीचं) इंजेक्शन घेऊन पुढे जातं. त्या दोन्हींचा इथे उपयोग नाही.

प्राझोसिनचा डोस किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. पंधरा किलोच्या मुलाला साधारण अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचा अर्धा तुकडा, पाण्यात विरघळवून. हळूहळू विरघळणाऱ्या, नावापुढे ‘एक्सएल’ लिहिलेल्या गोळ्या फोडून देऊ नका. औषधसाठ्यात साधी १ मिलिग्रॅमचीच गोळी मागवा. उलटीत गोळी पडली तर पुन्हा द्या. तीन तासांनी दुसरा डोस, नंतर दर सहा तासांनी, हातपाय उबदार आणि कोरडे होईपर्यंत. गोळी दिल्यावर लेकरू आडवंच ठेवायचं. आईने उचलून कडेवर घेतलं की रक्तदाब एकदम पडतो आणि मूल पांढरं पडतं. घामात आणि उलटीत पाणी गेलेलं असतं म्हणून ओआरएस घोट घोट पाजत राहायचं. अॅट्रोपिन देऊ नका, नाडी आणखी धावते. हाफकिनचं विंचवाचं प्रतिविष उपलब्ध असेल तर प्राझोसिनसोबत द्या, बरं व्हायला वेळ कमी लागतो. नुसतं दुखत असेल, घाम नाही, हातपाय उबदार आहेत, तर प्राझोसिनची गरज नाही. दंशाच्या जागी लिग्नोकेन, तोंडाने पॅरासिटामॉल, आणि काही तास नजरेसमोर.

सर्पदंशात एकच चूक वारंवार दिसते : लेकरू लहान म्हणून प्रतिसर्पविष कमी देतात. सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. मुलालाही मोठ्यांइतक्याच, सुरुवातीला ८ ते १० व्हायल लागतात. कमी करायचं ते फक्त सलाइनचं प्रमाण, किलोला ५ ते १० मिली, आणि तासाभरात सोडायचं. टेस्ट डोसची गरज नाही. व्हायल हलक्या हाताने फिरवून विरघळवा, हलवून फेस काढू नका. सुरू करण्याआधी अॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून हाताशी हवं, १:१००० चं किलोला ०.०१ मिली, मांडीच्या स्नायूत. रक्त गोठतं का ते पाहायला काचेची कोरडी, नवी परीक्षानळी लागते, त्यात २ मिली रक्त, वीस मिनिटं न हलवता. साबणाने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि मग नको तितक्या व्हायल जातात. जमिनीवर झोपलेलं लेकरू पहाटे पोट दुखतं म्हणून उठलं आणि पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नका. ते मण्याराचं काम असू शकतं.

फवारणीच्या दिवसांत कीटकनाशक जुन्या बाटलीत ओतून ठेवलेलं असतं आणि तहानलेलं मूल ते पितं. कपडे काढा, हातमोजे घालून अंग साबणपाण्याने धुवा, उलटी करवू नका. बाहुल्या बारीक, तोंडाला फेस, छातीत घरघर, असं असेल तर अॅट्रोपिन किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि दर पाच मिनिटांनी मागच्या डोसाच्या दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत. आता साठ्याचा हिशोब करा. बारा किलोच्या मुलाला पहिल्यांदा ०.६ मिलिग्रॅमचं एक अॅम्प्युल, मग दोन, मग चार, मग आठ. पंधरा मिनिटांत पंधरा अॅम्प्युल. ट्रेमध्ये पाच असतील तर दहाव्या मिनिटाला तुम्ही रिकामे.

उन्हाळ्यात जुलाबाची मुलं येतात. डोळे खोल, चिमटा घेतलेली कातडी परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ, पाणी पिता येत नाही, अशा मुलाला रिंगर लॅक्टेट किलोला १०० मिली. वर्षाच्या आतल्याला पहिले ३० मिली एका तासात आणि उरलेले ७० पाच तासांत, त्याहून मोठ्याला ३० मिली अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत. आठ किलोच्या दहा महिन्यांच्या बाळाला पहिल्या तासात २४० मिली जायला हवं. मायक्रोड्रिप सेटवर (एका मिलीला ६० बारीक थेंब) ते मिनिटाला २४० थेंब होतात, म्हणजे शक्यच नाही. तरी तोच सेट ‘लहान मुलांचा’ म्हणून लावला जातो आणि तासाभरात बाटली जेमतेम हललेली असते. थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावा आणि २० मिलीच्या सिरिंजने बारा वेळा ढकला, घड्याळ बघून. उरलेल्यासाठी १०० मिलीचा ब्युरेट सेट (मापाची नळी असलेला). ५०० मिलीची बाटली क्लॅम्प उघडा ठेवून लटकवली आणि सिस्टरला दुसरी केस आली, की ते सगळं पाणी अर्ध्या तासात आत जातं. कमी सोडियमची ‘पेडियाट्रिक मेंटेनन्स’ची बाटली इथे अजिबात नको, सोडियम पडतं आणि मेंदूला सूज येते. लेकरू पिऊ लागलं की ओआरएस आणि झिंक.

हे भरभर पाणी देणं जुलाबासाठी आहे. ताप, धाप आणि गार हातपाय घेऊन आलेल्या मुलाला तोच न्याय लावू नका. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ३,१४१ मुलांवरच्या ‘फीस्ट’ अभ्यासात पाण्याचे बोलस (शिरेतून भरभर दिलेलं पाणी) दिलेल्यांपैकी सुमारे १०.५ टक्के आणि न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के मुलं ४८ तासांत दगावली. ती रुग्णालयंही आपल्यासारखीच, व्हेंटिलेटर नसलेली होती. अशा वेळी आधी ऑक्सिजन, साखर आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस. रक्तदाब पडला असेल तरच किलोला १० मिली, आणि प्रत्येक वेळी यकृत वाढलं का, छातीत बारीक आवाज आले का ते तपासून पुढे. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असलेल्या, म्हणजे तीव्र कुपोषित मुलात हात आणखी राखून.

शीर सापडत नसेल तर दोन प्रयत्नांवर थांबा आणि हाडात सुई घाला. गुडघ्याखाली नडगीच्या उंचवट्याच्या एक-दोन सेंटिमीटर खाली, आतल्या सपाट बाजूला, काटकोनात फिरवत. हाडाची खास सुई नसली तर बाळात १८ नंबरची जाड सुईही चालते. सुई आधाराविना उभी राहिली आणि सलाइन सूज न येता गेलं, की जागा बरोबर. यातून औषध, पाणी, डेक्स्ट्रोज सगळं जातं.

बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी) कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हातात घेऊन बघा. बॅगेचं तोंड तळहाताने बंद करून दाबा. हवा झडपेतून आवाज करत सुटली तर ठीक, फुसकन कुठूनही गेली तर रबर फाटलं आहे. तान्ह्यासाठी २५० मिलीची, मुलांसाठी ५०० मिलीची बॅग, आणि ०, १, २ नंबरचे मास्क. मास्क नाकाच्या हाडापासून हनुवटीच्या खळीपर्यंत बसायला हवा. डोळ्यांवर गेला तर मोठा आहे. मोठ्यांची बॅग जोराने दाबली की हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी श्वासात जाते. छाती जेमतेम उचलली जाईल इतकंच दाबायचं.

शेततळ्यांमुळे बुडालेली मुलं वाढली आहेत. प्लास्टिकच्या निसरड्या अस्तरावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. अशा मुलाला उलटं धरून पाणी काढायला जाऊ नये, त्यात फक्त वेळ जातो. आधी पाच श्वास, मग छाती दाबणं, दोघं असाल तर १५ दाबांना २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० चा वेग. ही गोष्ट ग्रामसभेतही सांगण्यासारखी आहे.

आता ट्रे. वर आलेलं बहुतेक सगळं एका मोठ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बसतं. दोन बॅगा व तीन मास्क, २२ आणि २४ नंबरच्या कॅन्युला, थ्री-वे, २० मिलीच्या सिरिंज, ब्युरेट सेट, बाळाचा प्रोब, नेझल प्राँग, ग्लुकोमीटर, डेक्स्ट्रोज, मिडाझोलम, अॅड्रेनालिन, अॅट्रोपिनची किमान वीस अॅम्प्युल, प्राझोसिन, काचेच्या नळ्या, ओआरएस. जे जिल्ह्याच्या साठ्यातून येत नाही ते रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घेता येतं. ट्रेला कुलूप नको. चावी दिवसपाळीच्या कपाटात आणि लेकरू रात्री दोन वाजता, हे आता थांबायला हवं. कागदी सील लावा, सील फुटलं की पुढच्या पाळीने मोजून सही करायची.

आणि मग रेफर. चिठ्ठीवर वजन, वेळ, श्वास, ऑक्सिजन, साखर, शुद्ध आहे की हरपली, दिलेलं प्रत्येक औषध मिलिग्रॅममध्ये. पुढच्या रुग्णालयाला फोन, आणि फोन घेणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर. १०८ येण्याआधी सिलिंडरचा काटा बघा. भरलेल्या ‘बी’ सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरने तो अडीच तास पुरतो, अर्धा भरलेला सव्वा तास. तान्ह्या बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून, वरून टोपी आणि पांघरूण घालून पाठवा. आजारी तान्ह्यांसाठी १०२ ची गाडी मोफत आहे, खासगी जीपचं भाडं जमवायला बापाला गावात पाठवू नका.

जिल्ह्याची हद्द मध्ये आणू नका, हेही आवर्जून सांगतो. परंड्याला बार्शी जवळ, आष्टीला अहिल्यानगर, किनवटला आदिलाबाद. लेकराला जे जवळ आणि जिथे खाट आहे, तिथे जाऊ द्या. त्यासाठी शेजारच्या जिल्ह्यांशी आधीच बोलून, फोन नंबरांची यादी अपघात विभागाच्या भिंतीवर लावणं तुमच्या हातात आहे.

मान्सूनपूर्व आढाव्याची बैठक दरवर्षी होते. यंदा त्या बैठकीत प्रत्येक रुग्णालयाला तीन प्रश्न विचारा : ट्रे पूर्ण आहे का, वजनकाटा अपघात विभागातच आहे का, आणि आज रात्रपाळीला असलेल्यांपैकी बॅग-मास्क कोणाला वापरता येतं. उत्तरं नावानिशी, लेखी घ्या. शिकवायला आम्ही येतो, सुट्टीच्या दिवशी, प्रवासखर्च न घेता. पाच-सहा जणांची तुकडी आणि दोन तास द्या. मॅनिकिन नसेल तर बाजारातली रबरी बाहुली चालेल, हाडात सुई घालायचा सराव कोंबडीच्या तंगडीवर होतो.

कळावे,

मराठवाड्यातील काही बालरोगतज्ज्ञ, वैद्यकीय अधिकारी आणि अपघात विभागातील परिचारिका